जन्मजात देणेकरी

बाजारातले बाकीचे सौदे आधी घेतात आणि मग विकतात. हा आधी विकतो. गाठीला एक शेअर नसताना विकतो, आणि विकला त्या क्षणापासून देणेकरी होतो. जन्माला येतानाच डोक्यावर कर्ज घेऊन येणारा असा दुसरा सौदा शेअरबाजारात नाही. जुनी मंडळी त्याला मंदीचा सौदा म्हणतात, नवी मंडळी नुसतंच शॉर्ट म्हणतात. आमच्या रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला एखाद्या ब्रोकरच्या ऑफिसात कुणी सहज बोलून गेला की "आज शॉर्ट मारलाय", तर शेजारच्या खुर्च्या वळतात. घेतलेल्या शेअरबद्दल कुणी एवढं वळून बघत नाही. त्या बघण्यात थोडा दरारा असतो आणि बराचसा संशय: हा माणूस कुणाचं तरी वाईट चिंततोय.

चारशे वर्षं हा संशय त्याच्या मागे आहे. राजांनी त्याच्यावर बंदी घातली, सरकारांनी घातली, आपल्या सेबीनेही घातली. तरी तो टिकला. का टिकला हे नीट पाहायला हवं, कारण त्याचा आणि आपल्या या किनाऱ्याचा संबंध वाटतो त्यापेक्षा फार जुना आहे.

आधी त्याची राहणी सांगतो. सुगीच्या आधी, भात महाग असताना, शेजाऱ्याकडून खंडीभर भात उसनं आणावं, ते बाजारात विकावं, आणि सुगी झाल्यावर स्वस्त भात विकत घेऊन शेजाऱ्याची खंडी भरून द्यावी; याचं सारं चरितार्थाचं गणित एवढंच. शेजाऱ्याला खंडीच परत हवी, मग ती घ्यायला पैसे कितीही पडोत. 500 रुपयांनी 100 शेअर विकले, तर 50,000 हातात येतात. भाव 400 वर उतरला की 40,000 मोजून तेवढेच शेअर घ्यायचे, परत करायचे, मधले 10,000 आपले. उसने शेअर देणाऱ्याला भाडं द्यायचं, मधल्या काळात कंपनीने लाभांश दिला तर तोही त्याचा त्याला पोचता करायचा, आणि ब्रोकरकडे मार्जिन बांधून ठेवायचं. भाव चढू लागला की मार्जिन वाढवून मागतात. रोज संध्याकाळी हिशेब दाखवावा लागतो. आळशी माणसाला हा सौदा झेपत नाही.

त्याच्या स्वभावातला सगळ्यात मोठा दोष याच गणितात आहे. शेअर घेणाऱ्याचं फार तर घातलेलं सगळं जाईल. भाव शून्याच्या खाली उतरत नाही. मंदी करणाऱ्याचा फायदा त्याच शून्यापाशी संपतो, तोट्याला मात्र छत नाही. 500 चा शेअर 1,500 झाला तर 50,000 च्या सौद्यावर एक लाख बुडाले. म्हणून हा सौदा कधी निवांत झोपत नाही. घेणारा म्हणू शकतो, "राहू दे पडून, पोरांना उपयोगी पडेल." याला तसं म्हणायची सोय नाही. त्याला परत यावंच लागतं, आणि परत येताना घेणारा होऊनच यावं लागतं. आज विकणारा हा माणूस उद्याचा हुकमी गिऱ्हाईक आहे. बाजार कोसळत असताना, सगळे पाठ फिरवून पळत असताना, खाली जो थोडाफार खरेदीचा हात दिसतो, त्यात बऱ्याचदा हाच आपलं देणं फेडत उभा असतो.

आता त्याचं घराणं. त्याचा लेखी जन्म ॲमस्टरडॅमचा. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि तिचे शेअर तिथे खुलेपणाने खरेदी-विक्रीला आले. इझाक ल मेर हा व्यापारी कंपनीच्या सुरुवातीच्या बड्या भागधारकांपैकी. संचालकांशी त्याचं बिनसलं, तो बाहेर पडला, आणि 1609 मध्ये काही साथीदार जमवून त्याने कंपनीचे शेअर पुढच्या तारखांच्या वायद्याने विकायला सुरुवात केली. बरेचसे शेअर त्यांच्याकडे नव्हतेच. भाव घसरला. संचालक सरकारदरबारी गेले आणि त्यांनी तक्रार गुदरली की या लोकांमुळे विधवा आणि अनाथ भागधारकांचं नुकसान होतंय. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की भाव उतरतोय तो कंपनीच्या कारभारामुळे. फेब्रुवारी 1610 मध्ये हुकूम निघाला: जवळ नसलेले शेअर विकायचे नाहीत. ल मेरचे साथीदार बुडाले. या सौद्यावरची ही पहिली बंदी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक बंदीच्या वेळी दोन्ही बाजूंनी तेच दोन युक्तिवाद ऐकू आले आहेत.

त्याच कंपनीची एक वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला होती. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. डच वखारीच्या पडक्या भिंती आजही तिथे उभ्या आहेत. जगातल्या पहिल्या मंदीवाल्यांनी जिच्या नावाने सौदे केले, ती कंपनी आपल्या बंदरात माल उतरवत होती. दूरदेशीच्या वखारींत काय येतं, काय जातं, किती नासतं, याचा कागद ॲमस्टरडॅमला पोचायला महिने लागत. संचालकांना ठाऊक असे, भागधारकाला नसे. त्या अंधारातच शंकेला किंमत आली आणि हा सौदा जन्मला. जिथे आतल्यांना एक दिसतं आणि बाहेरच्यांना दुसरं दाखवलं जातं, तिथे तो आजही उगवतो.

मुंबईला आल्यावर त्याने इथलं वळण उचललं. दलाल स्ट्रीटवर तेजीवाले आणि मंदीवाले असे उघड दोन तट होते, आणि दोघांच्या मध्ये बदला होता. वलणाच्या, म्हणजे हिशेब चुकता करायच्या, दिवशी सौदा पुरा करायचा नसेल तर पुढच्या वलणावर ढकलायचा आणि त्याचं व्याज मोजायचं. साधारणपणे हे व्याज तेजीवाला देई. पण विकलेला माल बाजारात मिळेनासा झाला की पारडं उलटं फिरे आणि मंदीवाल्यालाच पैसे मोजून मुदत मागावी लागे. हा उंधा बदला. मंदीवाल्याच्या घरात या दोन शब्दांइतकी भीती दुसऱ्या कशाची नव्हती.

1982 मध्ये ती भीती साऱ्या मुंबईने पाहिली. 18 मार्चला रिलायन्सच्या शेअरमध्ये मंदीचा मोठा मारा सुरू झाला; त्यामागे कलकत्त्याची मंडळी असल्याचं बोललं जाई. भाव पाडायचा, घाबरलेल्यांचा माल खाली उचलायचा आणि वलणाला देऊन मोकळं व्हायचं, हा बेत. धीरूभाई अंबानींच्या बाजूच्या दलालांनी विकायला आलेला माल घ्यायला सुरुवात केली, आणि घेतच राहिले. 30 एप्रिलला त्यांनी मुदत द्यायचं नाकारून मालच मागितला. मंदीवाल्यांकडे माल कुठला? मुदत हवी तर शेअरमागे भरभक्कम उंधा बदला मोजा, असं उत्तर मिळालं. तिढा सुटेना म्हणून मुंबई शेअरबाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. शेवटी मिळेल त्या भावाने रिलायन्स विकत घेत मंदीवाले बाहेर पडले, आणि त्यांच्याच धावपळीच्या खरेदीने भाव आणखी चढला. मंदीच्या सौद्याला मरण येतं ते असं. त्याचा सगळ्यात मोठा वैरी तेजीवाला खराच, पण त्याचा जीव घेतात त्याचेच भाऊबंद, एकाच दाराने एकाच वेळी बाहेर पडण्याच्या धडपडीत.

त्याचं सगळ्यात मोठं काम मात्र मला वाटतं आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे. गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी, अंजनवेलला गोपाळगडाच्या शेजारी एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीज प्रकल्प उभा राहिला. डिसेंबर 1993 मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी करार झाला. ऑगस्ट 1995 मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. मे 1999 मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. अंजनवेल, वेलदूर, रानवी इथल्या लोकांनी या प्रकल्पाला केलेला विरोध आमच्या पिढीने पाहिला आहे. जून 1997 मध्ये पहाटे पोलिसांनी वेलदूरच्या घरांत शिरून बायाबापड्यांना उचललं, ते जिल्हा विसरलेला नाही. पुण्याच्या प्रयास या संस्थेच्या अभ्यासकांनी कराराचा कागद न् कागद उलगडून दाखवला होता की ही वीज महाराष्ट्राला परवडणार नाही: घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा, तो डॉलरशी बांधलेला, आणि इंधन महागलं तर तेही आपल्याच बिलात. 2000 च्या अखेरीला व्हायचं ते झालं आणि मंडळाकडून बिलं थकू लागली. राज्याने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने एप्रिल 2001 मध्ये अहवाल दिला आणि कराराची चिरफाड केली. मे 2001 मध्ये मंडळाने करार मोडला, आणि महिन्याअखेर अंजनवेलची धुराडी थंड झाली.

या सगळ्या काळात अमेरिकेत एन्रॉन म्हणजे कौतुकाचा विषय होता. ऑगस्ट 2000 मध्ये तिचा शेअर 90 डॉलरच्या घरात होता. मोठमोठ्या पेढ्यांचे विश्लेषक 'घ्या' म्हणत होते. त्याच वर्षी शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या जिम चॅनोस नावाच्या गुंतवणूकदाराच्या नजरेला एन्रॉनच्या हिशेबपद्धतीबद्दलचा एक वृत्तान्त पडला. वीस-वीस वर्षांच्या करारांतून पुढे कधीतरी मिळेल असा अंदाज असलेला नफा कंपनी आजच वहीत जमा धरत होती. चॅनोसने कंपनीची विवरणपत्रं काढली आणि वाचत बसला. गुंतवलेल्या भांडवलावर कंपनीला जेमतेम 7 टक्के सुटत होते. भांडवल उभारायचा खर्च त्याहून जास्त होता. वरचे अधिकारी स्वतःचे शेअर विकत होते. आणि विवरणपत्रांच्या तळटीपांत आपल्याच अधिकाऱ्यांनी चालवलेल्या संस्थांशी झालेले व्यवहार अशा भाषेत लिहिले होते की तीन-तीनदा वाचूनही उमजू नयेत. नोव्हेंबर 2000 मध्ये त्याने एन्रॉनमध्ये मंदी केली.

त्या एका हंगामात काय जुळून आलं ते बघा. इकडे अंजनवेलच्या विजेचं बिल भरलं जात नव्हतं, तिकडे त्याच कंपनीच्या कागदोपत्री नफ्यावर एक माणूस स्वतःचे पैसे लावून अविश्वास नोंदवत होता. वेलदूरच्या बाईला चॅनोस ठाऊक नव्हता, चॅनोसने वेलदूर पाहिलं नव्हतं. तिचा सवाल जमिनीचा आणि पाण्याचा, पुण्याच्या अभ्यासकांचा दराचा, याचा ताळेबंदाचा. तिघांनाही एकाच कंपनीच्या एका ठरीव उत्तराने गप्प बसवलं जात होतं: तुम्हाला कळत नाही. ऑगस्ट 2001 मध्ये एन्रॉनच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने, जेफ्री स्किलिंगने, अचानक राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये 61.8 कोटी डॉलरचा तिमाही तोटा जाहीर झाला. 2 डिसेंबर 2001 ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर शेअरला डॉलरभरही भाव उरला नव्हता. ज्या कर्मचाऱ्यांनी म्हातारपणाची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये ठेवली होती, ते उघड्यावर पडले. अंजनवेलच्या प्रकल्पाला रत्नागिरी गॅस अँड पॉवर हे नाव मिळून नवा संसार सुरू व्हायला 2005 उजाडावं लागलं.

मंदीच्या सौद्याने एन्रॉन बुडवली असं म्हणणारे भेटतात. एन्रॉनला बुडवलं तिच्या खोट्या हिशेबांनी. मंदीच्या सौद्याने काय केलं, तर जी गोष्ट बोलायला कुणाला फायदा नव्हता ती बोलणाऱ्याला तिचा मोबदला मिळवून दिला. कंपनीला आपला शेअर चढलेला हवा असतो. पेढीला कंपनीचं काम हवं असतं. ज्याने शेअर घेतलाय त्याला वाईट बातमी ऐकायची नसते. या सगळ्या 'हो'च्या गर्दीत 'नाही' म्हणायला रात्र रात्र तळटीपा वाचणारा माणूस हवा असेल, तर त्याच्या पोटाची सोय बाजारातच असायला हवी. ती सोय म्हणजे हा सौदा.

म्हणून तो साधू आहे असं मी म्हणणार नाही. आधी मंदी करायची आणि मग खोटी वावडी उठवायची, हे त्याच्या हातून पुष्कळदा झालं आहे. काही जणांनी संगनमताने एखादा शेअर ठोकून काढायचा आणि त्याचं खापर बाजारावर फोडायचं, हेही झालं आहे. मार्च 2001 मध्ये आपला बाजार कोसळला तेव्हा मंदीवाल्यांच्या टोळीची चर्चा इतकी तापली की सेबीने मंदीची विक्रीच थांबवली, आणि त्याच जुलैत बदलाही कायमचा गेला. पुढे 20 डिसेंबर 2007 च्या परिपत्रकाने मंदीच्या सौद्याला नियमांच्या चौकटीत परत घेतलं, आणि एप्रिल 2008 पासून शेअर उसने देण्या-घेण्याची अधिकृत व्यवस्था, एसएलबी, सुरू झाली.

तो चुकतोही. आणि बरोबर की चूक हे ठरायला कधी कधी वर्षं जातात. 24 जानेवारी 2023 ला अमेरिकेच्या हिंडेनबर्ग संस्थेने अदानी समूहावर अहवाल काढला आणि आपण मंदी केल्याचं त्यातच जाहीर केलं. ती मंदीसुद्धा भारतीय बाजारातल्या शेअरची नव्हती; अमेरिकेत व्यवहार होणारे रोखे आणि परदेशी वायदे यांतून केलेली होती. समूहाने आरोप फेटाळले. काही दिवसांत समूहाच्या बाजारमूल्यातून 100 अब्ज डॉलरहून अधिक गेले, आणि 20,000 कोटींची शेअरविक्री पूर्ण होऊनही मागे घ्यावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती अभय सप्रे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 3 जानेवारी 2024 च्या निकालात न्यायालयाने तपास सेबीकडून काढून घ्यायला नकार दिला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये सेबीने त्यातले काही आरोप सिद्ध होत नसल्याचे आदेश दिले. एन्रॉनसारखा सरळ शेवट प्रत्येक गोष्टीला नसतो. म्हणून मंदीवाला काय म्हणतो ते ऐकावं, पण त्याने दाखवलेला कागद आपणही उलटून पाहावा.

त्याला ओळखायची खरी खूण मात्र त्याच्या बोलण्यात नाही, त्याच्या देण्यात आहे. एखाद्या कंपनीचे किती शेअर मंदीत विकलेले आहेत आणि अजून परत घ्यायचे बाकी आहेत, हा आकडा म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट. समजा, कंपनीचे 10 कोटी शेअर आहेत. 6 कोटी प्रवर्तकांच्या तिजोरीत, म्हणजे बाजारात फिरते 4 कोटी. त्यातले 40 लाख मंदीत विकलेले असतील तर शॉर्ट इंटरेस्ट फिरत्या शेअरच्या 10 टक्के. दुसरा प्रश्न, हे फेडायला वेळ किती लागेल? रोज सरासरी 8 लाख शेअरची उलाढाल होत असेल, तर साऱ्या बाजाराने दुसरं काही न करता फक्त मंदीवाल्यांनाच माल दिला तरी पाच दिवस. पहिला आकडा शंका किती आहे ते सांगतो, दुसरा ती शंका किती अडचणीत सापडू शकते ते सांगतो. पहिला चढू लागला तर कंपनीचा ताळेबंद पुन्हा उघडावा. दुसराही सोबत चढला तर शहाण्याने मंदीच्या वाटेला जाऊ नये.

मंदीतून बाहेर पडायचं दार किती अरुंद असू शकतं, याची नोंद जर्मनीत आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये पोर्शने जाहीर केलं की फोक्सवॅगनच्या 74 टक्क्यांहून अधिक शेअरवर, प्रत्यक्ष आणि वायद्यांतून, आपला ताबा आहे. 20 टक्के लोअर सॅक्सनी राज्याकडे होते. म्हणजे बाजारात उरले सुमारे 6 टक्के, आणि मंदीत विकलेले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन दिवसांत शेअर 1,000 युरोंच्या वर गेला आणि काही काळ ती जगातली सगळ्यात मोठ्या बाजारमूल्याची कंपनी ठरली. मोटारी तेवढ्याच विकल्या जात होत्या. भाव चढवला तो देणेकऱ्यांनी. जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या गेमस्टॉपमध्ये तर मंदीचा आकडा फिरत्या शेअरच्याही वर होता. उसना घेऊन विकलेला शेअर नव्या मालकाने पुन्हा उसना दिला की तो दोनदा मोजला जातो, म्हणून हे होऊ शकतं.

अमेरिकेत हा आकडा महिन्यातून दोनदा कंपनीवार छापून येतो. आपल्याकडे तो असा एका जागी हाताला लागत नाही. एसएलबीत किती शेअर उसने गेलेत ते एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर दिसतं, पण बहुतेक मंदी तिथे होतच नाही. ती वायद्यांत होते. वायद्यांचा ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यांचा आकडा, रोज जाहीर होतो आणि पुष्कळ जण त्यालाच मंदीचा आकडा समजतात. ते चूक आहे. वायद्याच्या प्रत्येक सौद्यात एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. ओपन इंटरेस्ट वाढला म्हणजे पैजा वाढल्या, इतकंच कळतं; भाव उतरत असताना तो वाढला तर मंदीचा जोर असावा, असा अदमास तेवढा बांधता येतो. एखाद्या शेअरमध्ये तो साऱ्या बाजारासाठी ठरलेल्या मर्यादेच्या 95 टक्क्यांवर गेला की त्यातलं आपलं ओझं वाढवता येत नाही, फक्त कमी करता येतं. सेबीच्या 5 जानेवारी 2024 च्या चौकटीत आणखी एक गोष्ट पक्की लिहिली आहे: वलणाला माल न देता नुसती विक्री चालणार नाही. संस्थांनी विकतानाच मंदी असल्याचं सांगायचं, किरकोळ गुंतवणूकदाराने त्या दिवसाचा व्यवहार संपेपर्यंत सांगायचं, ब्रोकरांनी ही माहिती दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत एक्स्चेंजला द्यायची, आणि एक्स्चेंजने ती दर आठवड्याला लोकांसाठी प्रसिद्ध करायची. हे वाचायची सवय आपल्या गुंतवणूकदाराला लागायला हवी.

कारण आता हा सौदा रत्नागिरीत मोबाइलवर राहायला आला आहे. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो आणि घरबसल्या, कसलीही उसनवारी न दाखवता, दिवसभरापुरती मंदी करता येते. अट एकच, संध्याकाळच्या आत तेवढेच शेअर परत घ्यायचे. सव्वातीनच्या सुमाराला ब्रोकरचं यंत्र राहिलेले सौदे स्वतःच काटू लागतं. बहुतेक दिवशी हे सुरळीत पार पडतं. वाईट दिवस कसा असतो ते सांगतो. दुपारी दोनला बातमी येते, मंदीत विकलेला शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या भाववाढीच्या मर्यादेला, जाऊन चिकटतो. पडद्यावर घेणाऱ्यांची रांग लाखांत, विकणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. बोटाने कितीही वेळा 'खरेदी' दाबा, घ्यायला मालच नाही. यंत्रालाही मिळत नाही. साडेतीन वाजतात, बाजार मिटतो, आणि दिवसभराचा सौदा नकळत डिलिव्हरीचा होऊन बसतो. देणं दुसऱ्या दिवशीचं. माल नाही म्हणून एक्स्चेंज लिलाव करतं, चढ्या भावाने कुणाकडून तरी शेअर मिळवून घेणाऱ्याला देतं, आणि फरक, दंड, सारं या माणसाच्या खात्यातून जातं. किती जाणार हे लिलाव होईपर्यंत त्यालाही ठाऊक नसतं.

आंब्याच्या हंगामाचे चार पैसे, मुंबईच्या नोकरीतून साठवलेली शिल्लक, निवृत्तीची रक्कम, हे सारं आज त्याच फोनवर आहे. सेबीच्या पाहणीत 2022-23 मध्ये रोखीच्या बाजारात दिवसाच्या दिवशी व्यवहार करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला. वायदे-पर्यायांत 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत 93 टक्के व्यक्तिगत गुंतवणूकदारांना तोटा झाला आणि एकूण रक्कम 1.8 लाख कोटींच्या वर गेली. हा सौदा करायला चॅनोसइतकं वाचावं लागतं आणि इतकं वाचूनही वाट बघायची ताकद गाठीला लागते. दोन्ही नसेल तर त्याच्याशी व्यवहार करू नये. माझ्या गावातल्या कोणत्याही तरुणाने विचारलं तर मी हेच सांगेन, आणि आवाज चढवून सांगेन.

पण व्यवहार करू नये म्हणजे ओळख ठेवू नये असं नाही. शेअर घेणाऱ्या प्रत्येकाने घेण्याआधी विचारावं: या कंपनीवर कुणी मंदी केली आहे का, किती, आणि कशाच्या जोरावर? उत्तर सापडलं की ताळेबंद घेऊन बसावं आणि त्याची शंका आपल्या हाताने खोडून काढता येते का ते पाहावं. खोडता आली तर निर्धास्त घ्यावं. नाही आली तर पैसे वाचले. अंजनवेलच्या प्रकल्पाबद्दलची शंका वेळीच कुणी अशी हिशेबाने तपासून मनावर घेतली असती, तर महाराष्ट्राच्या वीज मंडळाचा खड्डा पुष्कळ लहान राहिला असता. ज्या बाजारात 'नाही' म्हणणाऱ्याला जागा असते, त्याचं देणं उघड्यावर मोजलं जातं आणि त्याच्या खोटेपणाला शिक्षा होते, तिथल्या 'हो'वर साध्या माणसाने विश्वास ठेवावा.